फ्लूची लस : विचार आखाजीला करा, कानबाईला नको

संपादक महोदय,
स. न.

दरवर्षी श्रावण-भाद्रपदात 'स्वाईन फ्लूचा रुग्ण आढळला' अशी बातमी छापून येते आणि दुसऱ्या दिवसापासून पंचविशी-तिशीतली मंडळी मेडिकलवर लस मागू लागतात. 'मी घेऊ का?' हा प्रश्न रास्तच आहे, पण तो तीन महिने उशिरा पडतो : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पडायला हवा तो श्रावणातल्या कानबाईच्या सणाला पडतो. शिवाय त्याची सुरुवात 'मी'पासून होते, आणि गफलत तिथेच आहे. धडधाकट तरुणाने ही लस घ्यावी की नाही, हे त्याच्या वयापेक्षा त्याच्या घरात कोण राहते यावर जास्त ठरते.

आधी नुसत्या 'मी'चा हिशेब. निरोगी प्रौढांवर झालेल्या चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा २०१८ सालचा एकत्रित आढावा आहे. त्यानुसार एका मोसमात लस न घेतलेल्या हजार जणांपैकी साधारण २३ जणांना तपासणीत सिद्ध झालेला फ्लू झाला, घेतलेल्यांपैकी ९ जणांना. म्हणजे एकाचा फ्लू टाळण्यासाठी ७१ जणांना सुई टोचावी लागते. खासगीत एक डोस कंपनीनुसार साधारण दीड ते दोन हजारांच्या घरात जातो. गुणाकार केला तर फ्लूचे एक आजारपण टाळायला एक ते दीड लाख रुपये पडतात, आणि ते आजारपण तरुणाच्या बाबतीत बहुधा पाच-सात दिवसांच्या अंथरुणावर निभावते. हा आकडा झाकून कोणी तरुणाला लस विकू नये.

पण तोच आकडा पुढे करून 'फ्लूला काय भ्यायचं, सर्दीच ती' असे म्हणणेही बरोबर नाही. २००९ साली स्वाईन फ्लूचा विषाणू, एच१एन१, नव्याने आला, त्याचा देशातला पहिला बळी त्याच ऑगस्टमध्ये पुण्यात गेला, आणि त्या साथीत म्हाताऱ्यांपेक्षा तरुण आणि मध्यमवयीन माणसे जास्त सापडली. तोच विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूतला एक झाला आहे. म्हणून 'स्वाईन फ्लूची वेगळी लस द्या' असे सांगू नये. मोसमी फ्लूच्या लशीत तो घटक असतोच.

वय कमी असूनही ज्यांनी फार विचार न करता लस घ्यावी, असे लोक आपल्याकडे वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. गरोदर बाई, मग महिना कोणताही असो. दमा, मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार, अतिलठ्ठपणा, स्टिरॉइड किंवा कर्करोगाची औषधे चालू असलेले. त्यात खानदेशाची म्हणून दोन नावे मुद्दाम घालावी लागतात. पहिले सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा ते शिरपूर, चोपडा, यावल या सातपुड्याच्या पट्ट्यात विशी-तिशीतले असे रुग्ण बरेच आहेत, आणि त्यांच्यात फ्लूचे निमित्त होऊन छातीचे दुखणे विकोपाला जाते. (नुसत्या वाहकाला त्या कारणासाठी लस लागत नाही. वाहक आणि रुग्ण यांत घरोघरी गोंधळ असतो.) दुसरे जिनिंगमध्ये वर्षानुवर्षे कापसाच्या धुळीत काम करून ज्यांची छाती कायमची भरलेली असते ते कामगार. 'मला काही आजार नाही, फक्त जरा धाप लागते' असे म्हणणारा माणूस निरोगी तरुणांच्या हिशेबात बसत नाही.

आता घर. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला दोनच वाटांनी आडोसा मिळतो : आईने गरोदरपणी घेतलेल्या लशीतून आलेली प्रतिपिंडे, आणि भोवतालच्या माणसांनी घेतलेली लस. म्हणून घरात ओली बाळंतीण असेल, डायलिसिसवर कोणी असेल, जुन्या दम्याचे आजोबा असतील, तर त्यांची उठबस करणाऱ्या तरुणाने लस घेणे शहाणपणाचे. रुग्णालयात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये किंवा मेडिकलच्या काउंटरवर बसणाऱ्यांनी तर घ्यावीच. एकटा राहणारा, तब्येतीने ठणठणीत, घरी बाळ-म्हातारे कोणी नाही, असा माणूस असेल तर ती हौसेची खरेदी आहे. परवडत असेल तर घ्यावी, नाही घेतली तर अपराधी वाटून घेऊ नये.

पैसे एकाच डोसाचे असतील तर क्रमही सांगतो : आधी घरातली गरोदर सून, मग जुन्या आजाराचे वडीलधारे, मग त्यांची सेवा करणारा, आणि सगळ्यांत शेवटी धडधाकट कमावता पोरगा. आपल्याकडे बहुतेक वेळा बरोबर उलटे घडते, कारण लशीची बातमी मोबाइलवर तोच आधी वाचतो. गरोदर बाया, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना सरकारी रुग्णालयांतून ही लस मोफत देण्याची सोय राज्यात आहे. खिशात हात घालण्याआधी तिथे साठ्याची चौकशी करावी.

वेळेचा मुद्दा सगळ्यांत जास्त चुकतो. युरोप-अमेरिकेत ऑक्टोबरात लस घेतात, ते वाचून आपल्याकडेही हिवाळ्याची वाट पाहिली जाते. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा उठाव पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरात होतो. दुसरा, लहान, जानेवारी ते मार्चमध्ये. लस टोचल्यावर संरक्षण उभे राहायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि सहा महिन्यांनंतर ते ओसरू लागते. त्यामुळे आपल्यासाठी मोसम आखाजी ते मृगाचा पहिला पाऊस एवढाच. आखाजीला माहेरवाशिणी घरी येतात, सगळे कुटुंब एका छपराखाली असते. कोणाला दिवस गेलेत, कोणाची साखर वाढली, हे तेव्हा आपसूक कळते. लशीचा विचार करायला याहून चांगला मुहूर्त नाही. पुढे कानबाईच्या रविवारी सुरत-पुण्याहून भाऊबंद येतात, एका घरात तीस-चाळीस माणसे रोट खायला बसतात, आणि तेव्हा साथ ऐन भरात असते. आखाजीच्या सुमारास घेतलेली लस तेव्हा कामाला लागलेली असते. कानबाईच्या आदल्या दिवशी टोचून घेतलेली त्या दिवसापुरती निरुपयोगी. वेळ चुकलीच तर ऑगस्टमध्ये घेतलेलीही वाया जात नाही, तिचा उपयोग उरलेल्या साथीला आणि जानेवारीच्या लाटेला होतो.

दुकानात गेल्यावर खोका हातात घेऊन वाचा. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतले विषाणू ठरवते : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. भारत नकाशावर उत्तरेत आहे, पण आपला उठाव पावसाळ्यात असल्याने मे महिन्यात आपल्या कामाची ती दक्षिण गोलार्धाची लस. तिच्यावर एकच साल असते. उत्तरेच्या लशीवर जोडसाल असते, आणि ती आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येते. घोळ होतो तो एप्रिलमध्ये. मागच्या हिवाळ्याचा माल फ्रिजमध्ये शिल्लक असतो, मुदत संपलेली नसते, आणि तोच आधी पुढे सरकवला जातो. तो बनावट नसतो, पण पंधरा दिवस थांबून नवा मिळत असेल तर नवा घ्यावा.

'तीन विषाणूंची घेऊ की चारची?' हेही विचारले जाते. चारच्या लशीतला चौथा घटक म्हणजे बी-यामागाता. तो विषाणू मार्च २०२० नंतर जगात खात्रीने सापडलेला नाही, आणि सप्टेंबर २०२३ पासून जागतिक आरोग्य संघटना तो घटक वगळायला सांगत आहे. चारची मिळाली तर बिघडत काही नाही, पण 'चार म्हणजे भारी' म्हणून जास्त पैसे मोजू नका. आणि 'हिब'ला फ्लूची लस समजू नका. बाळांच्या पेंटाव्हॅलेंटमध्ये ती असते, नावात इन्फ्लुएंझा आहे, पण ती एका जिवाणूविरुद्धची निराळीच लस आहे. 'लहानपणी झाली आहे' असे कार्ड दाखवून सांगितले जाते ते बहुधा हिबविषयी असते.

आपल्या भागात लस खराब होते ती वाटेत. तिला २ ते ८ अंश लागतात, आणि भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो. मेडिकलवर घेतलेली सिरिंज स्कूटीच्या डिकीत टाकून दवाखान्यात नेली तर वाटेत काय होत असेल याचा विचार करा. उष्णतेइतकीच गारठण्याचीही भीती असते, ती कोणाच्या लक्षात येत नाही. ही लस एकदा गोठली की गेली, आणि गोठून वितळलेली लस हलवून पाहिली तरी डोळ्यांना काही कळत नाही. धनुर्वातासारख्या, तुरटीवर्गीय क्षार असलेल्या लशी हलवून ओळखता येतात, हिच्यात तो क्षार नसतो. म्हणून घरी ठेवायची वेळ आलीच तर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नाही, बर्फाच्या कप्प्याला टेकवून तर नाहीच. वीज गेली तर दार उघडू नका. नेताना बर्फाची पिशवी फ्रीजरमधून काढून घाम सुटेपर्यंत, हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत बाहेर ठेवा, मग लशीचा खोका कागदात गुंडाळून थर्मासमध्ये घाला. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे ज्या डॉक्टरांकडे लशींसाठी वेगळा फ्रिज आणि त्यात तापमापक आहे, तिथेच जाऊन टोचून घ्यावी. सहसा बालरोगतज्ज्ञांकडे तो असतो, मोठ्या माणसाने तिथे जायला लाजू नये.

मोठ्यांना डोस एकच, ०.५ मिली, दंडाच्या स्नायूत. कमरेत नको. चार आठवड्यांनी दुसरा डोस लागतो तो पहिल्यांदाच लस घेणाऱ्या, नऊ वर्षांच्या आतल्या मुलांना. पण लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. उपाशीपोटी जाऊ नका, बसून घ्या आणि पंधरा-वीस मिनिटे तिथेच थांबा. सुईच्या भीतीने चक्कर येण्याचे प्रकार म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांत जास्त होतात. अंगात ताप असेल तर पुढे ढकला, साधी सर्दी असेल तर नाही. याच लशीने पूर्वी जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली असेल तर पुन्हा घेऊ नये. अंड्याने अंगावर पित्त उठते एवढ्यावरून लस टाळायची गरज नाही.

टोचल्यावर दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते. हा फ्लू नव्हे. या सुईतला विषाणू मेलेला असतो, तो आजार देऊच शकत नाही. (नाकात फवारायची लस जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. ती गरोदर बाईला देत नाहीत.) २०२५च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची (गिलां-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) साथ आली तेव्हापासून 'लशीने पाय लुळे पडतात' ही भीती इकडेही पसरली आहे. तिथे बोट गेले ते दूषित पाण्यातल्या जिवाणूकडे, लशीकडे नाही. फ्लूच्या लशीनंतर जीबीएसचा वाढीव धोका असलाच तर दहा लाखांत एक-दोघांना, आणि खुद्द फ्लू होऊन गेल्यावरही तो होऊ शकतो. ज्याला पूर्वी लशीनंतर सहा आठवड्यांत जीबीएस झाला असेल त्याने मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

लस चांगली जुळली तरी संरक्षण ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास असते. डेंग्यू, मलेरिया, साधे पडसे यांच्याशी तिचा संबंध नाही, आणि पावसाळ्यात आपल्याकडे हे सगळे एकदम असतात. म्हणून 'लस घेतली आहे' म्हणून ताप अंगावर काढू नये. धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, ओठ-नखे निळसर होणे, गुंगी येणे यांपैकी काहीही दिसले तर वय कितीही कमी असो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ओसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर जास्त उपयोगी पडते. ते दोन दिवस नुसत्या सलाईनच्या बाटल्या लावण्यात घालवू नयेत.

आपल्याकडे एक विनंती. स्वाईन फ्लूच्या रुग्णांचा आकडा आपण भाद्रपदात पहिल्या पानावर देता. त्याच्या निम्मी जागा वैशाखात द्यावी आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कोणत्या सरकारी रुग्णालयात मोफत लशीचा साठा आला आहे, कोणत्या वारी टोचतात, हे आरोग्य विभागाला विचारून छापावे.

आपले,
खानदेशातील काही फॅमिली डॉक्टर व औषधविक्रेते