लेकीच्या आरशाविषयी मैत्रिणीस पत्र

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दोनदा वाचले. एरवी पाण्यातून बाहेर यायला तयार नसणारी तुझी चौदा वर्षांची लेक आता पोहायला जायचे टाळते, छायाचित्र काढताना सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहते आणि रात्री ‘भूक नाही’ म्हणून ताटावरून उठते, हे वाचून जीव कासावीस झाला. हे वयच असे असते, आपोआप निवळेल, असे सगळे तुला सांगतात. मला ते पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वयाचा भाग आहेच. वयात येताना मुलीच्या शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते, अंग भरते, आणि पाळी सुरू होऊन नियमित राहायची तर शरीराला ती चरबी लागतेच. म्हणजे निसर्ग तिला ज्या दिशेने नेत असतो, त्याच्या नेमक्या उलट दिशेला समाज बोट दाखवत असतो. त्याच वयातला मुलगा उंच होतो, त्याचे खांदे रुंदावतात आणि पुरुषी देखणेपणाच्या रूढ कल्पनेजवळ तो आपसूक सरकतो. मुलगी मात्र निरोगीपणे वाढत असतानाच आदर्शापासून दूर जात असते. मुलांनाही आता पीळदार शरीराचा जाच होऊ लागला आहे, हे मी जाणते. पण आपल्या वाढीलाच आपली चूक समजण्याची पाळी मुलींवर अधिक येते.

हा आदर्श बाहेरून येतो आणि किती लवकर मनात घर करतो, हे फिजी बेटांवरच्या एका अभ्यासात दिसले. तिथे भरलेले, धट्टेकट्टे शरीर चांगले मानले जाई. कोणी बारीक झाले तर घरच्यांना काळजी वाटे. १९९५ मध्ये तिथल्या एका भागात दूरचित्रवाणी आली. अॅन बेकर या मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ बाईंनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयीच्या चाचणीत चिंताजनक गुण मिळवणाऱ्या मुलींचे प्रमाण या तीन वर्षांत सुमारे १३ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी आधी आढळली नव्हती. नंतर अशा मुली ११ टक्के निघाल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत तीन वर्षांत हलली, आणि तेव्हा तर पडद्यावर दिसत होत्या त्या फक्त दूरच्या, अनोळखी नट्या.

तुझ्या लेकीच्या हातातल्या फोनवर तिच्याच वर्गातल्या मुली दिसतात, हा मला सर्वांत मोठा फरक वाटतो. नटीशी तुलना करताना मनात कुठेतरी अंतर राहते. शेजारच्या बाकावरच्या मुलीशी ते राहत नाही. त्या मुलीने वीस छायाचित्रांतून एक निवडलेले असते आणि त्यावर फिल्टर चढवलेला असतो, हे तुझ्या लेकीला ठाऊक असते, तरी त्या ठाऊक असण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण डोळ्यांनी तोपर्यंत आपले काम केलेले असते. त्यात कॅमेऱ्याचीही लबाडी असते. फूटभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसू शकते, असे शल्यविशारदांनी २०१८ मध्ये गणिताने दाखवले. तरीही मुली ते छायाचित्र घेऊन आपल्या नाकाला दोष देतात. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतील मॉडेलची देहयष्टी छायाचित्रात बदलली असेल, तर तसे छापणे बंधनकारक आहे. नियम चांगला आहे. मैत्रिणीच्या सेल्फीवर मात्र अशी सूचना कोण छापणार?

तू लिहिले आहेस की तिचे अभ्यासातही लक्ष लागत नाही, आणि ही वेगळीच तक्रार आहे असे तुला वाटते. मला ती एकच वाटते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण-तरुणींना एकेकट्याने बंद खोलीत, आरशासमोर, कोणाला पोहण्याचा पोशाख तर कोणाला स्वेटर घालायला दिला आणि त्यानंतर गणिते सोडवायला सांगितली. पोहण्याच्या पोशाखातील मुलींना कमी गुण मिळाले. मुलांमध्ये तसा फरक पडला नाही. खोलीत पाहणारे कोणीही नव्हते. पाहणारी नजर त्या मुलींनी बरोबरच आणली होती. दिवसभर स्वतःला बाहेरून न्याहाळणाऱ्या मुलीकडे गणितासाठी किंवा पाण्यात सूर मारण्यासाठी मन उरणार कुठून?

ही नजर केवळ फोनमधून येत नाही, हे मी अनुभवाने सांगते. पंधराव्या वर्षी आपण दोघींनी पोहण्याच्या वर्गात नाव घातले होते, आठवते? तिसऱ्या दिवशी मी यायचे थांबवले आणि कान दुखतो असे तुला सांगितले. कान दुखत नव्हता. आदल्या संध्याकाळी आमच्या नात्यातल्या एका बाईंनी सर्वांसमोर माझ्याकडे पाहून म्हटले होते, ‘ही अशीच सुटत गेली तर कठीण आहे.’ त्या प्रेमळ होत्या आणि ते वाक्य त्या उठण्यापूर्वीच विसरल्या असतील. मी ते इतकी वर्षे बाळगले आहे. म्हणून तुला कळकळीने विनवते की घरात कोणाच्याही वजनाचा, रंगाचा विषय निघू देऊ नकोस, तुझ्या स्वतःच्याही. आरशासमोर उभी राहून तू स्वतःला नावे ठेवतेस, तेव्हा ती ऐकत असते.

‘तू सुंदरच आहेस’ असे तिला वारंवार सांगावेसे वाटेल. सांग; पण तेवढ्यावर थांबू नकोस, कारण त्यातही मोजपट्टी तीच राहते. तिच्याशी तिच्या पोहण्याविषयी, रागाविषयी, वाचनाविषयी बोल. जेवणावरून मात्र वाद घालू नकोस, शांतपणे लक्ष ठेव. वजन झपाट्याने उतरू लागले, पाळी चुकली, चक्कर येऊ लागली किंवा जेवणानंतर ती लगेच न्हाणीघरात जाऊ लागली, तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांकडे ने. हाडांची बळकटी बहुतांशी याच वर्षांत साठते. शिवाय खाणे तोडण्याचा विकार जडला, तर मानसिक आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्यांपैकी तो एक आहे. तुला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. ‘निवळेल’ म्हणून थांबू नयेस, एवढ्यासाठी लिहिते.

पुढच्या महिन्यात मी तुझ्याकडे येते आहे. मला अजून पोहता येत नाही. मावशीला शिकवशील का, असे तिला माझ्या वतीने विचार. आणि माझा कान दुखत नव्हता, हेही तिला सांग.

तुझीच,
बालमैत्रीण