जूनमध्ये येत नाही, त्याबद्दल

कॉव्हेंट्री, २ मे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तीनदा विषय काढायला गेले आणि तिन्ही वेळा आईच्या गुडघ्याची चौकशी करून थांबले, म्हणून आता लिहूनच कळवते. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी येऊ शकणार नाही. त्याच आठवड्यात आयर्लंडमध्ये डोनेगलची मोटार रॅली, म्हणजे गाड्यांची वेळेशी शर्यत, आहे. तिची प्रवेश फी मी भरली आहे आणि अडीच वर्षे खपून बांधलेली जुनी फोर्ड एस्कॉर्ट गाडी मी स्वतः चालवणार आहे. तुम्हाला विचारण्याऐवजी ठरवून सांगते आहे, याचे मला वाईट वाटते. पण काकांचे झाल्यापासून आपल्या घरात गाडीचा विषय निघाला की कोणी वाक्य पुरे करत नाही, आणि मी विचारले असते तर तुम्ही ‘नको’ म्हणाला नसतात, नुसते गप्प बसला असतात.

ही रॅली १९७२ पासून होत आली आहे. तीन दिवस, लेटरकेनीच्या आसपासच्या अरुंद डांबरी रस्त्यांवर. ते रस्ते त्या वेळेपुरते वाहतुकीला बंद असतात आणि गाड्या ठरावीक अंतराने एकेक करून सुटतात, त्यामुळे आंबा घाटात रात्री समोरून ट्रक येतो तशी धास्ती इथे नसते. धोका मुळीच नाही असे मात्र मी लिहिणार नाही. कडेला दगडी बांध आहेत, रस्ता उंचसखल आहे आणि पाऊस केव्हाही येतो. म्हणूनच गेली चार वर्षे मी वेल्समध्ये एपिंटच्या लष्करी रस्त्यांवर लहान रॅल्या केल्या आणि मगच हे नाव नोंदवले.

गाडी १९७८ ची आहे, दोन दारांची. हीच एस्कॉर्ट १९७२ ते १९७९ अशी सलग आठ वर्षे ब्रिटनची आरएसी रॅली जिंकत होती, आणि तिची मागची चाके इंजिनची ताकद घेतात म्हणून आयर्लंडच्या लोकांचा तिच्यावर अजून जीव आहे. मी ती हलकी केली आहे. हलकी म्हणजे कमकुवत, असे आईला वाटेल, म्हणून नीट सांगते. डांबरावर टायरची पकड घट्ट असते, गाडी जोरात वळते आणि जोरात थांबते. वजन जास्त असेल तर ब्रेक तापतात, टायर लवकर झिजतात आणि उंचवट्यावरून उडालेली गाडी खाली येताना सस्पेन्शनला मोठा दणका बसतो. म्हणून बॉनेट आणि डिकीचे झाकण फायबरचे केले, बाजूच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या बसवल्या, आतले गालिचे, आवाज दाबणारे डांबरी थर आणि मागची सीट काढून टाकली. पण माणसाला सांभाळणाऱ्या कोणत्याही वस्तूतून मी एक ग्रॅमही कमी केलेला नाही. गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून आत पाइपांचा पिंजरा असतो, त्याचा मुख्य पाइप ४५ मिलिमीटर व्यासाचा, अडीच मिलिमीटर जाडीचा, बिनजोडाचा आहे. त्याचे वजन मीटरला अडीच किलोहून अधिक भरते आणि ते मी आनंदाने घेतले. सहा ठिकाणी बांधलेला पट्टा आहे, हेल्मेटला अडकवलेली मानेची चौकट आहे, आग विझवायची यंत्रणा गाडीतच बसवलेली आहे.

बाबा, एक गोष्ट तुम्हालाच सांगायची आहे. पिंजऱ्याचा पहिला पाय मी जोडला तेव्हा वरून सांधा सुरेख दिसत होता, पण वेल्ड मुळापर्यंत भिनलाच नव्हता. नमुन्याचा तुकडा कापून पाहिला तेव्हा आत केसाएवढी काळी फट दिसली. उद्यमनगरच्या शेडमध्ये मी तेलाच्या डब्यावर बसून पाहायची, तुम्ही सांध्यावर हातोडी मारून कान द्यायचा आणि म्हणायचा, “चिमे, लोखंड खोटे बोलत नाही.” त्या रात्री मी तो सगळा सांधा घासून काढला आणि तीन दिवसांनी नव्याने जोडला. तुमच्या अंगाला येणारा कूलंटचा आंबूस वास, संध्याकाळी स्कूटरवर पुढे उभी राहून घरी येणे, आणि माझ्या फ्रॉकवरचे डाग काढताना आईने केलेली कुरकुर, हे सगळे मला त्या गॅरेजात रोज आठवते.

खाण्यापिण्याची काळजी करू नका. होलीहेडहून डब्लिनपर्यंत बोटीने सव्वातीन तास लागतात आणि लेटरकेनीत आम्ही स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतले आहे. आईने पाठवलेले मेतकूट आणि भडंग बरोबर नेणार आहे. शेजारी बसून पुढच्या वळणांच्या नोट्स वाचणारी माझी नॅव्हिगेटर वीस वर्षे हेच काम करते आहे, आणि ती ‘सावकाश’ म्हणाली की मी मुकाट्याने ऐकते. वरच्या खोलीच्या बांधकामासाठी ठेवलेल्या पैशांना हात लावलेला नाही, तेही सांगून ठेवते.

आता तुम्ही माझे ऐका. ऑपरेशनची तारीख माझ्यासाठी पुढे ढकलायची नाही. ताई दहा दिवस राहायला येते आहे, तिला स्वयंपाकघरात शिरू द्यायचे. आई, थेंबांच्या बाटल्या सारख्याच दिसतात, म्हणून झाकणांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांध आणि वेळा कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिही. बाबा, महिनाभर वाकून काही उचलायचे नाही, शेडकडे फिरकायचेही नाही. रॅलीचे तीन दिवस माझ्या फोनसाठी जागू नका. माझी संध्याकाळ होईल तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र झालेली असेल, मी ताईला निरोप ठेवीन. गणपतीचे तिकीट काढले आहे आणि तीन आठवड्यांची रजा मंजूर झाली आहे.

नव्या सांध्याचा फोटो सोबत पाठवते आहे. डोळ्यावरची पट्टी निघाली की बाबांनी तो मोठा करून पाहावा आणि कसा झाला आहे ते खरे सांगावे.

तुमची,
चिमी