रडारची प्रतिमा वाचणारा डोळा : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : हवाई रडार-प्रतिमांतील लहान नौकांची ओळख, प्रतिमावाचकांची स्वतंत्र शाखा आणि भारतीय नौकांचा संदर्भसंग्रह यांबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. २०१३ मध्ये अरक्कोणमच्या आयएनएस राजाळी या नौदल हवाई तळावर पी-८आय हे पहिले सागरी टेहळणी विमान उतरले. मार्च २०२२ मध्ये गोव्याच्या आयएनएस हंसावर याच विमानांचे दुसरे पथक नौदलात दाखल झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ३१ एमक्यू-९बी मानवरहित विमानांचा करार झाला. तटरक्षक दलाची डॉर्नियर विमाने तर कोकण किनाऱ्यावरच्या लोकांच्या रोजच्या पाहण्यातली आहेत. या सगळ्या विमानांवर ढग, अंधार आणि पाऊस यांना न जुमानता समुद्र पाहू शकणारी रडार आहेत, आणि त्यांच्या खरेदीबद्दल संसदेत व वर्तमानपत्रांत पुरेशी चर्चाही होते. माझे पत्र विमानांबद्दल नाही. रडारने टिपलेले चित्र शेवटी ज्या माणसाच्या पडद्यावर येते, त्याला ते नीट वाचता यावे यासाठी आपण काय करतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

मी सुदूर संवेदन, म्हणजे विमान वा उपग्रहावरून दुरून पाहणी करण्याचे शास्त्र, हा विषय महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवला. रडार-प्रतिमा वाचायला शिकवताना पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना एकच गोष्ट बजावून सांगावी लागे, ती म्हणजे हे छायाचित्र नाही. छायाचित्रात प्रकाश असतो, तर रडारच्या प्रतिमेत अंतर असते. विमान बाजूला तिरपे लहरी पाठवते आणि जो प्रतिध्वनी आधी परत येतो त्याची वस्तू प्रतिमेत जवळ मांडली जाते. त्यामुळे दीपगृहासारख्या उंच वस्तूचा माथा पायथ्यापेक्षा विमानाला जवळ पडतो आणि प्रतिमेत ते दीपगृह विमानाच्या दिशेने आडवे झाल्यासारखे दिसते. जंजिऱ्यासारख्या जलदुर्गाचा विमानाकडचा तट पाणी आणि भिंत यांच्यातील दुहेरी परावर्तनाने झगझगीत उमटतो आणि पलीकडची बाजू काळ्या छायेत बुडते. शांत पाणी आरशासारखे लहरी पुढेच ढकलून देते म्हणून काळे दिसते, तर खडकावर फुटणारी लाट एखाद्या होडीइतकी ठळक चमकू शकते. यांतली एकही गोष्ट रडारचा दोष नव्हे. ती त्याची भाषा आहे, आणि कोणत्याही भाषेप्रमाणे ती सरावानेच येते.

हलणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ही भाषा आणखी चकवते. संश्लेषित छिद्र रडार (सिंथेटिक अपर्चर रडार) विमानाच्या स्वतःच्या गतीचा हिशेब धरून बारीक प्रतिमा घडवते, पण समोरची नौका स्वतःही हलत असेल तर तो हिशेब बिघडतो आणि नौका प्रतिमेत भलत्या जागी उमटते. विमानाचा वेग सेकंदाला २०० मीटर असेल, नौका ६० किलोमीटरवर असेल आणि विमानाच्या दिशेने तिचा वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे जेमतेम दहा नॉट असेल, तर ती प्रतिमेत खऱ्या जागेपासून दीड किलोमीटर सरकलेली दिसेल. मोठ्या जहाजाची पाण्यावरची रेघ त्याच्या जागी राहते आणि जहाज मात्र त्या रेघेपासून बाजूला तरंगताना दिसते, म्हणून अनुभवी वाचक त्या सरकण्यावरूनच वेगाचा अंदाज बांधतो. लहान होडीची अशी रेघ बहुधा दिसतच नाही. मग न शिकलेला वाचक काय करेल? तो त्या ठिपक्याला त्याच्या चुकीच्या जागेवरच खरे मानेल आणि गस्तीनौका दीड किलोमीटर पलीकडे रिकाम्या पाण्यावर पाठवेल.

विभेदनाचा, म्हणजे किती बारीक तपशील वेगळा दिसतो याचा, आकडा मोठा वाटतो, पण तो लहान नौकेपुढे किती तोकडा पडतो हेही पाहावे. रडारच्या लहरींचा पट्टा १५० मेगाहर्ट्झ रुंद असेल तर अंतराच्या दिशेने एक मीटरपर्यंतचा तपशील मिळतो. आपल्या किनाऱ्यावरची नऊ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद होडी त्या प्रतिमेत वीस-बावीस चौकटींची होते. त्यात रडार-प्रतिमेचा अंगभूत दाणा मिसळतो, म्हणजे शेजारशेजारचे प्रतिध्वनी एकमेकांत मिळून कुठे उजळ तर कुठे काळे ठिपके उमटतात. सरासरी काढून तो दाणा कमी केला, तर तपशीलही पुसला जातो. लाकडी किंवा फायबरचा सांगाडा फारसा परावर्तन देत नाही. परत येतो तो इंजिनाचा, केबिनच्या कोपऱ्याचा आणि लोखंडी साखळ्यांचा प्रतिध्वनी. त्यामुळे प्रतिमेत होडीचा आकार नव्हे, तर तिच्यातले लोखंड दिसते असे म्हणणेच अधिक बरोबर ठरेल.

जॉन जॉन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये रात्रीच्या दृष्टि-उपकरणांसाठी जे निकष मांडले, त्यांनुसार वस्तू ओळखायला लागणारा तपशील ती नुसती आढळायला लागणाऱ्या तपशिलाच्या सहापटीहून अधिक असावा लागतो. ते निकष रडारला जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण त्यांतला भेद सर्वत्र लागू आहे. 'काहीतरी आहे', 'ती नौका आहे' आणि 'ती अमुक प्रकारची नौका आहे' ही तीन वेगळी विधाने आहेत. प्रतिमावाचनाच्या प्रत्येक अहवालात ती तीन रकान्यांत वेगळी लिहिली जावीत आणि प्रत्येकापुढे वाचकाने आपली खात्री किती आहे हे नोंदवावे, एवढी शिस्त लावायला एका पैशाचीही खरेदी लागत नाही.

यावर उत्तर म्हणून हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेकडे बोट दाखवले जाते. मी त्या विरोधात नाही. विस्तीर्ण समुद्रावर हजारो ठिपके चाळून त्यांतले संशयास्पद पुढे आणणे हे यंत्राचे काम आहे, आणि ते त्याने माणसापेक्षा चांगले करावे. पण यंत्र कशावरून शिकते हे पाहिले नाही तर ते फसवते. १९९० च्या दशकात अमेरिकेत रणगाडे व लष्करी वाहनांच्या हवाई रडार-प्रतिमांचा एमस्टार नावाचा संग्रह तयार झाला, आणि आजही या क्षेत्रातले संशोधक आपली यंत्रे त्यावरच पारखतात. त्यावर नव्याण्णव टक्के अचूकता मिळाल्याचे दावे सर्रास होतात. काही संशोधकांनी मात्र प्रतिमेतले वाहन वगळून फक्त भोवतालची जमीन यंत्राला दिली, तरीही यंत्र पुष्कळ वेळा वाहनाचे बरोबर नाव सांगत होते, कारण प्रत्येक वाहन आपल्या ठराविक जागेवर उभे करून टिपले होते आणि यंत्र रणगाडा नव्हे तर त्याच्या बाजूची जमीन ओळखायला शिकले होते. गाइड पाठ करून पहिला आलेला विद्यार्थी तुम्हीही पाहिला असेल.

परदेशातून आलेल्या विमानासोबत परदेशी जहाजांचा संदर्भसंग्रह, म्हणजे ताडून पाहण्यासाठी नमुना-प्रतिमांचा साठा, येऊ शकतो, पण त्यात सातपाटीच्या होड्या, रत्नागिरीच्या पर्ससीन (मासे घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या) नौका किंवा मालवणच्या रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या) होड्या कुठून असणार? हा संग्रह आपणच करायला हवा. त्यासाठी किनाऱ्यावरच्या निरनिराळ्या प्रकारच्या नौकांच्या मालकांच्या संमतीने त्यांची लांबी-रुंदी, बांधणीचे साहित्य आणि इंजिन यांची नोंद घ्यावी, नौकेवर स्थान नोंदवणारे उपकरण ठेवावे, आणि त्याच नौकांवरून वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या कोनांतून, शांत आणि खवळलेल्या समुद्रात विमानाने उड्डाणे करावीत. ध्रुवीकरणाचे, म्हणजे लहरी आडव्या की उभ्या कंपतात याचे, प्रयोगही याच उड्डाणांत व्हावेत, कारण क्षितिजसमांतर ध्रुवीकरणात समुद्राचा गोंगाट साधारणपणे कमी राहतो आणि नौका उठून दिसते, तर उभ्या ध्रुवीकरणात तेलाचा तवंग आणि पाण्यावरच्या खुणा अधिक चांगल्या कळतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बंदीतला रिकामा समुद्र आणि नारळी पौर्णिमेनंतरचा गजबजलेला समुद्र या दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवल्या, तरी वाचकाला बरेच काही शिकता येईल.

याच संग्रहाचा एक भाग मुद्दाम झाकून ठेवावा. तो यंत्राला आणि माणसाला शिकवताना दाखवू नये, परीक्षेच्या वेळीच बाहेर काढावा, आणि त्यातल्या नौका शिकवलेल्या नौकांपेक्षा वेगळ्या बंदरांतल्या, वेगळ्या मोसमातल्या असाव्यात. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीने स्वतःच्याच प्रतिमांवर मिळवलेली टक्केवारी स्वीकृतीसाठी ग्राह्य धरू नये.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. वर्गात एकदा मी किनाऱ्याची बारीक विभेदनाची रडार-प्रतिमा दिली होती. तीत पाण्यावर एका रेषेत सारख्या अंतरावर ठिपके होते आणि सगळ्यांचे तोंड एकाच दिशेला होते. हुशार मुलांनी तो एखादा ताफा असल्याचे उत्तर दिले, एकाने तर त्याची चालण्याची दिशाही काढली. मागच्या बाकावरचा कोळीवाड्यातला मुलगा हसला आणि म्हणाला, "सर, त्या डोलीच्या होड्या हायेत, पाणी फिरायची वाट बघतायत." डोलीचे जाळे प्रवाहाला तोंड करून खुंटांना किंवा नांगरांना बांधलेले असते, ओढीचा जोर ओसरला की ते उचलतात, आणि तोवर होड्या त्याच प्रवाहात तोंड करून थांबतात. त्या मुलाला रडारचे गणित येत नव्हते. त्याला समुद्र येत होता. गणित मी त्याला सहा महिन्यांत शिकवले. बाकीच्यांना समुद्र शिकवणे मला जमले नाही.

याला इतिहासातही आधार आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या मेडमेनहॅम येथील छायाचित्र-वाचन केंद्रात कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९४३ च्या अखेरीस पेनेम्युंडेच्या छायाचित्रात जर्मनांचे व्ही-१ हे उडते अस्त्र ओळखले. युद्धापूर्वी त्या विमानांविषयी लिहिणाऱ्या पत्रकार होत्या. विमान कसे दिसते, कुठे उभे असते हे त्यांच्या डोळ्यांत आधीच मुरलेले होते, म्हणून छायाचित्रातला इवलासा आकार त्यांना खटकला. आपल्याकडेही वाचनाच्या शिक्षणाची परंपरा नवी नाही. देहरादूनची आजची भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली ती छायाचित्र-वाचनाची संस्था म्हणूनच, आणि पवईच्या आयआयटीत रडार-ध्रुवीकरणावर उत्तम काम चालते. या दोन्ही ठिकाणच्या अभ्यासाला किनाऱ्याशी जोडण्याचे काम आपले मंत्रालय करू शकते.

म्हणून माझी विनंती अशी आहे की प्रतिमावाचक ही नौदलात आणि तटरक्षक दलात स्वतंत्र शाखा असावी, तिला स्वतःची बढतीची वाट असावी, आणि माणूस तयार झाला की दोन-तीन वर्षांत दुसऱ्याच कामावर बदलून जाऊ नये. प्रत्येक नव्या वाचकाने प्रशिक्षणाचा काही काळ मासेमारी नौकांवर, तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या प्रमुखाच्या, शेजारी बसून काढावा. कोळी, भंडारी, गाबीत, दालदी अशा किनाऱ्यावरच्या समाजांतील तरुणांना या शाखेत मुद्दाम बोलवावे, आणि समुद्रावरचा अनुभव ही भरतीची एक पात्रता मानावी.

शाखा उभी राहिली तरी एक दुवा सर्वांत महत्त्वाचा राहील, तो म्हणजे परतीचा. वाचकाने एखाद्या ठिपक्याला संशयास्पद म्हटले, गस्तीनौका तिथे गेली आणि ती साधी मच्छीमार नौका निघाली, तर ही बातमी छायाचित्रासह त्याच वाचकाच्या टेबलावर परत आली पाहिजे. आपली चूक कधीच न कळणारा वाचक वीस वर्षांनीही नवखाच राहतो. हवामान खाते पावसाचा अंदाज वर्तवते आणि दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर त्याचा निकाल लागतो. प्रतिमावाचकाला अशी खिडकी आपण करून द्यावी लागेल.

चुकीची किंमत लहान नौकाच मोजतात. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ 'एन्रिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या सशस्त्र रक्षकांनी एका मच्छीमार नौकेला चाच्यांची समजून गोळ्या झाडल्या आणि दोन मच्छीमार मारले गेले. तिथे प्रश्न रडार-प्रतिमेचा नव्हता, पण ओळखीचाच होता. उलट बाजूला २००८ ची 'कुबेर' आहे, मुंबईवरच्या २६/११ च्या हल्लेखोरांनी बळकावलेली. ती खरोखरच मासेमारीची नौका होती आणि जगातले कोणतेही रडार तिला मासेमारीची नौका असेच म्हणाले असते. नौकेवर कोण आहे आणि ते कशासाठी निघाले आहेत हे प्रतिमेतून कळत नाही. म्हणून प्रतिमावाचकासमोर नौकेच्या ट्रान्सपाँडरची, म्हणजे तिचे स्थान कळवणाऱ्या उपकरणाची, माहिती, बंदरातून निघाल्याची नोंद आणि मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना या तिन्ही गोष्टी एकाच पडद्यावर असायला हव्यात. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला मच्छीमार नौकांसाठी एक लाख ट्रान्सपाँडरांच्या योजनेचा प्रारंभ झाला आहे. ते खाते आपल्या मंत्रालयाबाहेरचे आहे हे मला माहीत आहे, पण होडीला खात्यांच्या सीमा ठाऊक नसतात.

आणखी एक सांगण्यासारखे आहे. ओळख फक्त शत्रूची करायची नसते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा कामगारांच्या निवासाचा मोठा तराफा (बार्ज) बुडाला. त्यावर २६१ माणसे होती आणि त्यांतली सत्तरहून अधिक दगावली. शोधकार्यात नौदलाची जहाजे, हेलिकॉप्टरे आणि पी-८आय विमानही होते. अशा खवळलेल्या समुद्रात फेसाळ लाटांच्या हजारो चमकांमधून एक जीवरक्षक तराफा वेगळा काढणे हे प्रतिमावाचनातले सर्वांत कठीण काम आहे. रिकाम्या व माणसांनी भरलेल्या जीवरक्षक तराफ्यांच्या, उलटलेल्या होड्यांच्या आणि तरंगत्या अवशेषांच्या प्रतिमा मी सुचवलेल्या संग्रहात पहिल्या वर्षापासून असाव्यात.

सुरुवात करायला सगळा देश एकदम घ्यावा लागणार नाही. पालघर ते सिंधुदुर्ग हा जुन्या मोजणीने ७२० किलोमीटरचा किनारा आहे, गोव्यात विमाने आहेत, मुंबईत पश्चिम नौदल विभागाचे मुख्यालय आहे, आणि डोल, पर्ससीन, रापण असे मासेमारीचे इतके प्रकार एवढ्या जवळजवळ दुसरीकडे क्वचितच सापडतील. येत्या नारळी पौर्णिमेनंतरचा एक मोसम प्रायोगिक म्हणून निश्चित करावा आणि त्याच्या आखणीच्या पहिल्याच बैठकीला दोन-चार तांडेलांनाही बोलवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
सुदूर संवेदनाचा एक निवृत्त अध्यापक,
अलिबाग, जि. रायगड