आनाहतार नेरेदे?

उस्कुदार, इस्तंबूल

प्रिय वसू,

तुर्की कितपत जमते, असं विचारलं होतंस. बाकी राहू दे, पण कोणती वस्तू कुठे आहे ते मला आता सांगता येतं, आणि ते सांगायची त्यांची रीत मला फार आवडली आहे.

खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहतात. मी त्यांना 'तेयझे' म्हणते, म्हणजे मावशी. रोज सकाळी त्यांची किल्ली हरवते. 'आनाहतार नेरेदे?' किल्ली कुठंय? 'मासादा.' टेबलावर. (मासा म्हणजे टेबल बरं का, मासळी नव्हे.) पिशवीत असली तर 'चांतादा'. वर की आत, ते 'दा' सांगत नाही. वस्तू पाहून आपणच ओळखायचं. 'आहे'सुद्धा लागत नाही.

खरी गंमत पुढे आहे. आपण प्रत्यय लावताना शब्दच वाकवतो: घोडा, घोड्यावर. इथे शब्द जागचा हलत नाही, प्रत्ययच त्याच्या सुरात सूर मिसळतो. शाळेत म्हणजे 'ओकुल्दा', पण घरात म्हणजे 'एवदे'. अंकारादा, इझमिर्दे. शब्दातला शेवटचा स्वर आ, ओ, उ असेल तर दा. ए, इ असेल तर दे. आणखीही स्वर आहेत, त्यातला एक अ आणि इ यांच्या मधला; तो कागदावर उतरत नाही, आलीस की ऐकवीन. वहीला हे 'देफ्तेर' म्हणतात, म्हणजे आपलं दप्तरच की गं! म्हणून वहीत म्हणजे 'देफ्तेर्दे'.

शब्द कठोर व्यंजनावर संपला की द चा त होतो: किताप्ता म्हणजे पुस्तकात, बेशिकताश्ता म्हणजे इस्तंबूलच्या बेशिकताश भागात. ती व्यंजनं लक्षात ठेवायला इथे 'फिस्तिकची शाहाप', म्हणजे शाहाप पिस्तेवाला, असं एक नाव पाठ करतात. त्या नावात आठही व्यंजनं येतात.

आहे-नाहीसाठी 'वार' आणि 'योक'. 'एवदे स्यूत वार', घरात दूध आहे. नसलं तर नुसतं 'योक'.

नेमकी जागा सांगायची तर मात्र शब्दांची माळ ओवावी लागते. 'मासानिन अल्तिन्दा': टेबलाच्या, खालची बाजू, त्याची, त. ऐकायला अवघड, पण क्रम थेट आपला, 'टेबलाच्या खाली'. मराठी माणसाला इथे उलटा विचार करावा लागत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

परवा किल्ली कुठेच सापडेना. मांजर उठलं तेव्हा दिसली. मी जिन्यातूनच ओरडले, 'केदिनिन अल्तिन्दा!' तेयझे थेट मांजराकडे गेल्या.

डिसेंबरात येतेस ना? येताना गोडा मसाला आण. इथे योक.

तुझी,
शुभा