काळ्या पडद्याची शांतता

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) शिकायला बसलो, पण आज्ञा टाइप करून दिली तरी पडद्यावर काहीच उमटत नाही, ही तुझी तक्रार वाचून मला माझेच पहिले दिवस आठवले. ती शांतता मुद्दाम ठेवलेली आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत युनिक्सचे काम सुरू केले, तेव्हा उत्तर पडद्यावर नव्हे, तर टेलिटाइपच्या कागदावर खडखडत एकेक अक्षराने छापले जाई. त्यामुळे ‘एलएस’ (ls, फाइलींची यादी दाखवणारी), ‘सीपी’ (cp, फाइलीची प्रत काढणारी) अशी आज्ञांची त्रोटक नावे आणि काम बिनबोभाट झाल्यास मौन, हीच रीत सोयीची होती. या आज्ञा लिनक्स आणि मॅक दोन्हींवर चालतात, म्हणून तू यांपैकी काय वापरतोस याने सुरुवातीला फारसा फरक पडत नाही.

खरी गंमत पाइपमध्ये आहे. बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने १९७३ मध्ये आलेली ही उभी रेघ एका आज्ञेचे उत्तर थेट दुसरीच्या हाती देते. समज, एका फाइलमध्ये ओळीला एक याप्रमाणे हजारो नावे आहेत आणि कोणते नाव किती वेळा आले ते तुला हवे आहे. ‘युनिक’ (uniq) या आज्ञेला उणे-सी (-c) जोडले की तो मोजून देतो, मात्र तो बिचारा फक्त लागोपाठच्या ओळी ताडून पाहतो, म्हणून त्याच्याआधी ओळी क्रमाने लावणारी ‘सॉर्ट’ (sort) लावून सारखी नावे शेजारी आणावी लागतात. मोजणी झाल्यावर पुन्हा ‘सॉर्ट’, या वेळी उणे-आरएन (-rn) घालून, म्हणजे मोठा आकडा वर येतो. तीन साध्या आज्ञा, आणि एका ओळीचाही प्रोग्रॅम लिहावा लागत नाही!

फाइली पुसणारी ‘आरएम’ (rm) मात्र जपून वापर. मला एकदा नावाच्या शेवटी ‘डॉट लॉग’ असलेल्या फाइली पुसायच्या होत्या, म्हणजे ‘*.log’ लिहायचे होते, आणि तारांकनानंतर चुकून एक स्पेस पडली. तारांकनाचा अर्थ ‘येथील सर्व’ असा असल्याने त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली मुकाट्याने गेल्या, आणि पडद्यावर तक्रार उमटली ती एवढीच की, ‘डॉट लॉग’ नावाची फाइल सापडत नाही. येथे कचरापेटी नसते. तेव्हापासून मी तोच नमुना आधी ‘एलएस’ला देऊन यादी पाहतो आणि मगच ‘आरएम’ लिहितो. तूही सराव वेगळ्या फोल्डरमध्येच कर, आणि अडलास तर ‘मॅन’ (man) लिहून पुढे आज्ञेचे नाव दे, म्हणजे तिची माहितीपुस्तिका उघडते. तिच्यातून बाहेर पडायला ‘क्यू’ दाबायचे, हे मला बराच वेळ कोणी सांगितले नव्हते.

फाइलींच्या परवानग्यांविषयी पुढच्या पत्रात लिहितो.

तुझा,
जुना मित्र