म्हशी राहू देत, भारा नको

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, "तिथं बर्फात जनावरं खातात काय?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी "मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा" म्हणून विषय संपवला होता. परवा नीट बघून आलो. ऑफिसातल्या एकाच्या भावाचा गोठा उत्तर लक्झेंबर्गमध्ये, क्लेर्व्होजवळ आहे. आगगाडीनं फुकट गेलो. २०२० पासून इथं तिकीटच नाही, हे आईला अजून खरं वाटत नाही.

देश केवढा, तर आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. शेतीतली निम्म्याहून जास्त जमीन नुसत्या गवताखाली. आई, तू पडीक म्हणशील, पण पीकच आहे ते. मे महिन्यात पहिली कापणी, मग पाऊस बघून पुढच्या. गवत थोडं सुकवून प्लास्टिकात गुंडाळतात. मका सप्टेंबर-ऑक्टोबरात, दाणा चिकात आला की. मग त्याची बारीक कुट्टी करून ढिगावर ट्रॅक्टर पुढं-मागं फिरवून दाबतात, वर प्लास्टिक, त्यावर जुने टायर. हवा राहिली की बुरशी आलीच. मालकानं ढीग उघडून मूठभर हातात दिला. वास आंबूस, ताकाच्या माठासारखा. मुठीत दाबला तर पाणी गळलं नाही, सोडल्यावर गोळा हळूहळू सुटला.

त्याचं रडगाणं मात्र आपल्यासारखंच. दूध किती घालायचं याचा सरकारी कोटा २०१५ ला उठला, दराचा भरवसा नाही. वर शेणालाही कायदा: हेक्टरी वर्षाला १७० किलो नत्रापेक्षा जास्त टाकायचं नाही. आपल्याकडं शेणखताची ट्रॉली मिळेना!

बाबा, उसाच्या वाढ्यांचा भारा डोक्यावर घेऊन पाट ओलांडताना तुम्ही पडलात, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. रागानं मी "म्हशी विका" म्हणालो आणि तुम्ही दोन दिवस फोन घेतला नाही. ते बोलणं मागे घेतो. म्हशी राहू देत, भारा नको. यंदा पावसाळ्यात दहा गुंठे मका करा. कुट्टी मशीन आहेच. मुरघासाच्या पिशव्या मी पाठवलेल्या पैशातून आणा आणि तुडवायला गडी लावा, स्वतः चढू नका. तोंड गच्च बांधून ४५ दिवस उघडायची नाही. आई, उंदरांवर लक्ष तुझं, मांजराच्या भरवशावर राहू नकोस.

सुरुवातीला कडब्यात मिसळून थोडं थोडं घाला, तेही धार काढून झाल्यावर, नाहीतर दुधाला वास लागतो. पिशवी फोडाल त्या दिवशी व्हिडिओ कॉल करा. चंद्री तोंड लावते की फिरवते, बघायचंय.

तुमचा,
बाळू