‘मग पाकिस्तान मागितलं कोणी, सर?’ : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत बावीस वर्षे इतिहास शिकवतो आहे. दरवर्षी आठवीला फाळणीचा भाग आला की एक गोष्ट ठरल्यासारखी घडते. मी फळ्यावर ‘मुस्लीम लीग’ लिहितो. वर्गाकडे माझी पाठ असते, तरी मला कळते की मागे माना वळल्या आहेत. शेख, अन्सारी, पिंजारी अशा आडनावांची चार-पाच मुले वर्गात असतात, त्यांच्याकडे. कोणी काही बोलत नाही. एका वर्षी त्यांच्यातल्या एकाने पेन्सिलीला टोक करायला घेतले आणि तास संपेपर्यंत तो टोकच करत राहिला. घंटा झाली तेव्हा बाकावर भुशाचा लहानसा ढीग होता आणि हातात बोटभर पेन्सिल.

नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके टप्प्याटप्प्याने येत आहेत. त्यात इतिहासाचेही पुस्तक नव्याने लिहिले जाईल, म्हणून आत्ताच लिहितो. छापून झाल्यावर लिहिण्यात अर्थ नसतो, हे मला अनुभवाने माहीत आहे.

आधी हे सांगतो की आजच्या पुस्तकात खोटे काही आहे, असा माझा आरोप नाही. १९३० च्या सत्याग्रहातले पेशावर आहे. खान अब्दुल गफार खान, म्हणजे बादशहा खान आहेत. नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडायला नकार देणारे गढवाली सैनिक आहेत. सोलापूर आहे, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर येरवड्यात फासावर गेलेले कुर्बान हुसेनही आहेत. अडचण मांडणीची आहे. ही सगळी माणसे ‘सविनय कायदेभंग’ या मथळ्याखाली येतात. ‘मुस्लीम’ हा शब्द मथळ्यात किंवा ठळक अक्षरात येतो तो मात्र लीगच्या वेळी. तेरा वर्षांच्या मुलाचे डोके फार सरळ चालते. बादशहा खान हे सत्याग्रही, कुर्बान हुसेन हुतात्मा, आणि मुसलमान म्हणजे लीग. सिमल्याचे शिष्टमंडळ, लीगची स्थापना, मग मधली तीस वर्षे ओलांडून पाकिस्तान, अशी सरळ लोहमार्गाची गोष्ट त्याच्या डोक्यात तयार होते. नाशिक-मुंबई रेल्वेला लागतो तसा कसारा घाट त्यात लागतच नाही.

घाट कुठे होता, ते थोडे सांगू द्या.

१ ऑक्टोबर १९०६ ला आगाखानांच्या नेतृत्वाखाली पस्तीस जण सिमल्याला व्हाइसरॉय लॉर्ड मिंटोंना भेटले. नवाब, जमीनदार, वकील अशी ही प्रतिष्ठित मंडळी. मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ द्या, म्हणजे मुसलमानांचे प्रतिनिधी फक्त मुसलमान मतदारांनी निवडू द्या, ही त्यांची मुख्य मागणी. डिसेंबरअखेर ढाक्याला लीग स्थापन झाली आणि १९०९ च्या कायद्यात ही मागणी मान्यही झाली. त्या वेळी या मागणीला विरोध करणाऱ्यांत मुंबईचा एक तरुण बॅरिस्टर होता, दादाभाई नौरोजींचा सचिव म्हणून कलकत्ता काँग्रेसला गेलेला. त्याचे नाव महंमद अली जीना. पुढे तेच जीना मुंबईच्या राखीव मुस्लीम जागेवरून केंद्रीय कायदेमंडळात गेले, हा इतिहासाचा खास विनोद. पण १९०६ चे जीना मुलांना भेटतच नाहीत. त्यांना भेटतात ते थेट १९४० चे.

आपण मराठी माणसांनी तर हा घाट विसरायलाच नको होता, कारण तो टिळकांच्या दारावरून जातो. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन दिला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी. हे तय्यबजी १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे असे सर सय्यद अहमद खान अलीगढहून सांगत होते, तेव्हा त्यांच्याशी पत्रांतून वाद घालणारेही हेच. १९०८ ला टिळकांच्या जामिनासाठी जीना उभे राहिले, तो मिळाला नाही. १९१६ ला पुन्हा उभे राहिले आणि या वेळी उच्च न्यायालयात जिंकले. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेस आणि लीग यांच्यात लखनौचा करार झाला. त्यात काँग्रेसने स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले आणि टिळक त्या कराराच्या पाठीशी उभे राहिले. संयुक्त प्रांतात, म्हणजे साधारण आजच्या उत्तर प्रदेशात, मुसलमान शंभरात चौदा, त्यांना मिळाल्या तीस टक्के जागा. बंगालात मुसलमान निम्म्याहून जास्त, तिथे त्यांना चाळीस टक्क्यांवर थांबवले. म्हणजे या करारात बंगाली मुसलमान शेतकऱ्याचे नुकसानच झाले. ‘मुसलमानांना सवलती दिल्या’ असे एका ओळीत लिहिले की कोणत्या मुसलमानांना, हा प्रश्नच उरत नाही.

आणि टिळकांना गुरू मानणारे मौलाना हसरत मोहानी? काँग्रेसच्या सुरतेच्या फाटाफुटीत ते टिळकांच्या बाजूने बाहेर पडले. १९२१ ला अहमदाबादच्या काँग्रेसमध्ये संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव त्यांनी मांडला तेव्हा खुद्द गांधीजींनी विरोध केला. तो ध्येय म्हणून स्वीकारायला काँग्रेसला १९२९ चे लाहोर उजाडावे लागले. ‘इन्किलाब झिंदाबाद’ मुले प्रभातफेरीत घसा फोडून म्हणतात, ती घोषणा रूढ केली या मौलानांनी. ते पुढे लीगमध्ये होते, घटना समितीत होते, फाळणीनंतर इथेच राहिले आणि १९५१ ला लखनौला वारले. या माणसाला कोणत्या कप्प्यात टाकायचे, असे मी एकदा वर्गात विचारले. एक मुलगी म्हणाली, ‘सर, याला कप्पाच नाही.’ त्या दिवशी मला माझा पगार वसूल झाल्यासारखा वाटला.

आता मतदारांविषयी, कारण खरे पत्र त्यासाठीच आहे.

दोन वर्षांपूर्वी मी मुलांना घरून एक चिठ्ठी आणायला सांगितली. १९४६ च्या निवडणुकीत सर्वांना मत नव्हते. शेतसारा किती, घराचे भाडे किती, कोणती परीक्षा पास, अशा अटी होत्या. पलटणीतून निवृत्त झालेल्यांना मत होते. बायकांपैकी फारच थोड्यांना. प्रौढ माणसांतल्या बहुतेकांचे नाव यादीत नव्हते. मी मुलांना म्हटले, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पणजोबा काय करत, जमीन किती होती, शाळेत किती शिकले. सत्तेचाळीस चिठ्ठ्या आल्या. त्यावरून अंदाज बांधला तर मत असू शकेल अशी घरे निघाली पाच : दोन पाटलांची, एक किराणा दुकानदाराचे, एक पेन्शनर हवालदाराचे, एक वकिलाचे. हे काही संशोधन नव्हे, हे मलाही कळते. पण एका मुस्लीम मुलीची चिठ्ठी मी वर्गात वाचून दाखवली, ती अजून माझ्या कपाटात आहे. वहीचे फाडलेले अर्धे पान, निळी शाई : ‘माझे पणजोबा मालेगावला हातमागावर लुगडी विणत. घर भाड्याचे. शाळेत गेले नाहीत. मत नव्हते.’

मग मी फळ्यावर आकडे लिहिले. १९३७ : देशभरातल्या मुस्लीम जागांपैकी लीगला चौथा हिस्साही मिळाला नाही. पंजाबात निवडून आले दोन, सरहद्द प्रांतात एकही नाही. १९४५-४६ : केंद्रीय कायदेमंडळातल्या तीसच्या तीस मुस्लीम जागा लीगच्या. आपल्या मुंबई प्रांतातल्याही तीसच्या तीस. हा दुसरा आकडा लपवावा असे मी म्हणत नाही. काही मित्र मला तसे सुचवतात, त्यांच्याशी माझे पटत नाही. लीग जिंकली होती आणि दणदणीत जिंकली होती. पण नऊ वर्षांत असे काय झाले, हे मुलांना सांगायला हवे. काँग्रेसची मंत्रिमंडळे आली, संयुक्त प्रांतात लीगला सत्तेत वाटा देण्याची बोलणी फिसकटली, युद्ध आले, मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, १९४२ नंतर काँग्रेसचे पुढारी तुरुंगात गेले आणि मैदान मोकळे झाले. त्यात मतदारसंघ असा, की जागा मुसलमानाची, उमेदवार मुसलमान आणि मत देणाराही मुसलमानच. शेजारच्या हिंदूचे मत मागायची त्या उमेदवाराला गरजच नव्हती. हिंदू उमेदवारालाही मुसलमानाच्या दारात जायचे कारण नव्हते. अशा निवडणुकीत कोण वरचढ ठरेल, हे समजायला आठवीतल्या मुलालाही दोन मिनिटे पुरतात. मी बघितले आहे.

आकडे लिहून झाले तेव्हा मागच्या बाकावरून एक पाटील आडनावाचा मुलगा उठला. ‘म्हणजे हिच्या पणजोबांना मतच नव्हतं. मग पाकिस्तान मागितलं कोणी, सर?’

मंत्रिमहोदय, या प्रश्नाचे उत्तर आपल्या पुस्तकात नाही. निदान ते उत्तर गुंतागुंतीचे आहे, एवढे तरी पुस्तकाने सांगावे, ही माझी विनंती आहे.

त्यासाठी दोन पाने पुरतील. एप्रिल १९४० ला, लीगने पाकिस्तानची मागणी केली त्या लाहोरच्या ठरावाला महिना होतो न होतो तोच, दिल्लीत आझाद मुस्लीम परिषद भरली. अध्यक्ष होते सिंधचे अल्लाबक्ष सुमरो. फाळणीच्या कल्पनेला तिथे उघड विरोध झाला. १९४२ ला याच सुमरोंनी इंग्रजांचे किताब परत केले, गव्हर्नरने त्यांना मुख्यमंत्रिपदावरून काढले आणि १९४३ च्या मे महिन्यात शिकारपूरला त्यांचा खून झाला. त्यांचे नाव मी स्वतः एम.ए. होईपर्यंत ऐकले नव्हते. जमियत उलेमा-ए-हिंद या मौलवींच्या संघटनेचे हुसेन अहमद मदनी हे दाढीवाले, देवबंदचे मौलाना, त्यांनी एकत्र राष्ट्राची बाजू मांडली. उलट जीना पोशाखाने आणि राहणीने पक्के साहेब. ‘धार्मिक ते फुटीर आणि आधुनिक ते राष्ट्रवादी’ हे आपले लाडके समीकरण इथे साफ कोलमडते. आणि मोमिन कॉन्फरन्स. विणकरांची संघटना, बिहारचे अब्दुल कय्यूम अन्सारी तिचे पुढारी. लीग ही नवाब-जमीनदारांची, आमच्या मागाशी तिला काय देणेघेणे, हा त्यांचा रोख. भिवंडी-मालेगावात ज्यांचे माग आहेत त्या घरांतल्या मुलांना या संघटनेचे नाव सांगितले की त्यांचे चेहरे बघावेत. जात आणि धंदा मुसलमानांतही राजकारण ठरवत होता, हे महाराष्ट्रातल्या मुलाला समजावून द्यावे लागत नाही. ते त्याला घरूनच माहीत असते.

खिलाफतीचेही तसेच. पुस्तकात ती तुर्कस्तानच्या सुलतानासाठी झालेली चळवळ. तिची मध्यवर्ती समिती मुंबईत होती, भायखळ्याच्या खिलाफत हाऊसमधून आजही ईद-ए-मिलादचा जुलूस निघतो, हे मुंबईच्या मुलांनाही कोणी सांगत नाही. आणि आमच्या शेजारचे मालेगाव? एप्रिल १९२१ मध्ये खिलाफत स्वयंसेवकांवरच्या खटल्यांवरून तिथे दंगल पेटली, एक पोलीस उपनिरीक्षक आणि काही शिपाई जमावाने मारले. गांधीजींनी कडक शब्दांत निषेध केला. पुढे काही जणांना फाशी झाली. फाशी गेलेल्यांना मालेगाव शहीद मानते आणि मारला गेलेला अधिकारीही कोणाचा तरी मुलगा होता. हे दोन्ही एकाच तासाला शिकवता येते. मी शिकवतो. पालकांच्या तक्रारी दोन्हीकडून येतात, तेव्हा तास बरा झाला असावा असे मी धरून चालतो.

पुस्तकाबरोबर प्रश्नपत्रिकाही बघावी. ‘मुस्लीम लीगची स्थापना केव्हा झाली’ हा एका गुणाचा प्रश्न आणि ‘फाळणीची कारणे लिहा’ हा तीन-चार गुणांचा, त्यात ‘फोडा आणि झोडा’ लिहिले की एक गुण नक्की. मुले हे वाक्य मंत्रासारखे लिहितात. इंग्रजांनी फोडले म्हणजे कायद्याच्या कोणत्या कलमाने, कोणत्या मतदारयादीने फोडले, हे विचारणारा एक प्रश्न पुरे आहे. शिक्षक आपोआप ते शिकवतील. आम्ही परीक्षेत येते तेच शिकवतो, हे आपल्याला मी सांगायला नको.

सहलीचीही एक गोष्ट. वॉटर पार्कला परवानगी आठ दिवसांत मिळते. मुंबईला काँग्रेस हाऊसच्या आवारात १९१८ मधल्या आंदोलनाची आठवण म्हणून लोकांनी एकेक रुपया वर्गणी काढून बांधलेले सभागृह आहे. गव्हर्नर विलिंग्डनच्या गौरवाची सभा उधळणाऱ्या जीनांच्या नावाने ते उभे राहिले. आज त्याला ‘पी. जे. हॉल’ म्हणतात, ‘जे’ म्हणजे कोण हे फार थोड्यांना माहीत असते. ते बघायला चाळीस मुले न्यावीत असा अर्ज मी वरच्या कार्यालयात दिला होता. ‘शैक्षणिक प्रयोजन स्पष्ट करावे’ असा शेरा मारून तो परत आला. हे पत्र त्याच प्रयोजनाचे स्पष्टीकरण समजावे.

नव्या पुस्तकासाठी शिक्षकांच्या सूचना मागवणार असाल तर त्या सत्तेचाळीस चिठ्ठ्या मी झेरॉक्स करून पाठवीन. मूळ प्रती देता येणार नाहीत, मुलांना परत करायच्या आहेत.

आपला विश्वासू,
एक इतिहास शिक्षक
नाशिक जिल्हा